सूचना : सूर्यनमस्कार सावकाश

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या सकाळच्या योगवर्गाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

सोमवारपासून सूर्यनमस्कारांची संख्या मोजणं बंद. बाराही स्थिती श्वासाच्या लयीत, सावकाश करायच्या. झटका देऊन वाकलं की ताणलेला स्नायू स्वतःला वाचवायला उलट आखडतो. म्हणून पादहस्तासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकताना, हात जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा हट्ट नको. गुडघे किंचित वाकवा, श्वास सोडा, मांडीमागची शीर कुठे ओढतेय ते बघा आणि तिथेच थांबा. काही श्वासांनंतर ती हळूहळू सैल पडते, अनुभवून पाहाच! शेजारच्याकडे बघू नका.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या काका-काकूंनी वर येताना घाई करू नये, चक्कर येऊ शकते. शवासन अर्धवट सोडून कुणीही उठू नये, ही कळकळीची विनंती. फाफडा-जलेबी नंतरही मिळते. सतरंजी घरून आणावी.