आईची पर्स आणि माझा अभ्यास

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "म्हणजे शेवटी तू पोलीस होणार की कारकून?" मी हसून विषय बदलला, पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

आधी आईसाठी: मी प्रेतं बघत नाही गं! रक्ताचे डाग तपासणं हे न्यायवैद्यकवाल्यांचं काम. आम्हा गुन्हेगारीशास्त्रवाल्यांच्या वाट्याला तक्ते येतात. निम्मा वेळ तर डेटा साफ करण्यातच जातो. एकाच रस्त्याचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं असतं. चोरीची नेमकी वेळ माहीत नसली की कुणीतरी रात्रीचे बारा टाकून मोकळं होतं. ते तसंच ठेवून आलेख काढला, तर सगळे चोर बाराच्या ठोक्याला घराबाहेर पडतात असं दिसतं. बाबा, ताळेबंदात न जुळणाऱ्या एका आकड्यापायी तुम्ही रात्र जागवायचात, तेव्हा मला ते वेड वाटायचं. आता तेच वेड मला लागलंय.

आकडेमोड या विषयात नवी नाही. फ्रान्सनं 1827 पासून देशभरातल्या खटल्यांची आकडेवारी छापायला घेतली. त्यावरून आंद्रे-मिशेल गेरी या वकिलानं 1833 मध्ये नकाशे रंगवले. अडाणीपणा जास्त तिथे गुन्हे जास्त, अशी तेव्हा सर्वांची खात्री. नकाशात तसं काही निघालं नाही. उलट मालमत्तेचे गुन्हे शिकल्यासवरल्या, सधन उत्तरेत जास्त. पुढे 1876 मध्ये लोम्ब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर म्हणाला, जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येतो. (आई, तुझंही मत हेच!) चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरनं इंग्लंडमधल्या सुमारे 3,000 कैद्यांची मापं घेऊन ती इतरांशी ताडून पाहिली आणि 1913 मध्ये सांगितलं, असा वेगळा गुन्हेगारी साचा सापडत नाही.

पण मला या विषयाची गोडी लागली ती आईच्या पर्समुळे. आठवतं? बसमध्ये मारली होती. बाबा म्हणाले, "जाऊ दे, कोण खेटे घालणार," आणि तक्रार राहिली ती राहिलीच. म्हणजे सरकारी हिशेबात ती चोरी झालीच नाही. अशा न नोंदलेल्या गुन्ह्यांना आमच्याकडे 'डार्क फिगर' म्हणतात. त्याचा अंदाज यावा म्हणून अमेरिकेत 1973 पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये 1982 पासून थेट लोकांनाच विचारतात, तुमच्या बाबतीत काय घडलं? पोलिसांच्या दप्तरापेक्षा तिथे कितीतरी जास्त गुन्हे निघतात. आणि उलटंही होतं. लोकांचा विश्वास वाढला, तक्रारी वाढल्या, की कागदावर गुन्हेगारी वाढते आणि मथळे ओरडू लागतात.

यातली मला खरोखर भीती वाटणारी गोष्ट सांगते. जिथे गस्त जास्त, तिथे माणसं जास्त पकडली जातात, म्हणून नोंदी जास्त. त्या नोंदींवर संगणकाला शिकवलं, तर तो पुन्हा तिथेच गस्त पाठवा म्हणतो. आता नोंदी आणखी वाढणार, आणि संगणक बरोबर ठरणार! वर्गात हे कळलं तेव्हा गस्त कुठे हवी ते सांगणारा माझा कोड बिनचूक चालत होता, त्यातून नकाशाही देखणा आला होता. तो मी काढून टाकला.

तर बाबा, पोलीस नाही, कारकूनही नाही. विश्लेषक. पोलीस खात्यात, तुरुंग प्रशासनात, संशोधन संस्थांत अशी माणसं लागतात. नोकरी कधी मिळेल ते आत्ता विचारू नका.

या सत्रात मला प्रश्नावली तयार करायची आहे. ती आधी कुणावर तरी आजमावून बघावी लागते, तर रविवारी आईला फोन करीन. "तक्रार का दिली नाही?" या प्रश्नाखाली सहा पर्याय आहेत. उत्तर देणाऱ्याच्या शेजारी घरातलं दुसरं कुणी बसलेलं नसावं असा नियम आहे, तेव्हा बाबा, तेवढा वेळ तुम्ही जरा फिरून या.

तुमची,
धाकटी