पाच आठवड्यांचा जॉन

हॅलिफॅक्स, यॉर्कशर, 9 नोव्हेंबर

प्रिय सुमे,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. दिवाळीला फोन नाही, तुझ्या पन्नाशीला नुसता केकचा फोटो. मान्य. माझं बीपी गोळीवर आहे, पीटरची पाठ होती तशीच. आता मुद्दा. इथे कुणाला सांगितलं तर 'बरं, मग?' म्हणतील. तू म्हणणार नाहीस, कारण नाशिकला रामकुंडावर गुरुजींनी आमच्या घराण्याची ती वही उघडली तेव्हा तू शेजारी होतीस.

पीटरच्या डॅडच्या ऐंशीला मी जी वंशावळ करून दिली ना, सोनेरी चौकटीतली, ती अर्धी खोटी आहे. वरची अर्धी. जॉनच्या वर जे काही आहे ते सगळं दुसऱ्याच कुणाचं घराणं.

झालं असं. जॉन ग्रीनवुड, हातमागावरचा विणकर, लग्न 1809, हेप्टनस्टॉलचं चर्च. इथवर पक्कं. आता याचा जन्म शोधायचा. या खोऱ्यात ग्रीनवुड म्हणजे आपल्याकडचे पाटील. दगड भिरकावला तर ग्रीनवुडलाच लागायचा, आणि त्यातले निम्मे जॉन. त्याच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत 1786चा एक जॉन सापडला. 'जेम्सचा मुलगा', बस्स. 1813पासून छापील रकाने आले, पानाला आठ नोंदी, बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण लिहिणं आलं. त्याआधी सगळी पाद्रीबुवांची मर्जी. वय जुळलं, गाव जुळलं, मी जॉनला जेम्सच्या पदरात घातला आणि जेम्सच्या खांद्यावरून चढत चढत 1690पर्यंत जाऊन पोचले. तुमच्या पहाटे तीनला मेसेज केला होता तो हाच. तू 'झोप' एवढंच लिहिलं होतंस.

गेल्या महिन्यात भलत्याच माणसाचं दफन शोधताना त्याच चर्चची वही पुढे आली. 'जॉन, जेम्स ग्रीनवुडचा मुलगा, तान्हा.' बाप्तिस्म्यानंतर पाच आठवड्यांनी. या उद्योगातला पहिलाच धडा असतो, जन्म सापडला की आधी त्याला मारून बघ. मी बघितलं नाही. पाच आठवड्यांच्या पोराला तेवीस वर्षांचं केलं, मागावर बसवलं, लग्न लावून दिलं, वर नऊ मुलं झाली त्याला.

खरा जॉन होता बाप्टिस्टांकडे. ही मंडळी तान्ह्याला बाप्तिस्मा देतच नाहीत, कळत्या वयात ज्याने त्याने घ्यायचा. मग चर्चच्या वहीत पोर दिसणार कुठून? पण लग्नाला मात्र 1754पासून 1837पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना चर्च ऑफ इंग्लंडचाच उंबरा चढावा लागायचा. लग्न तिथे दिसतं, म्हणून जन्मही तिथेच असणार असं वाटतं, आणि माझ्यासारखी शहाणी फसते. 1837ला सरकारी जन्मनोंद सुरू झाल्यावर चॅपलांच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघरांच्या, जुन्या वह्या सरकारने मागवून घेतल्या. त्या आता लंडनला क्यूच्या अभिलेखागारात आहेत, पानांचे फोटो घरबसल्या दिसतात. मी तिकडे फिरकलेच नव्हते, कारण डॅड म्हणाले होते, 'आम्ही मेथडिस्ट, वेस्लीने पंथ काढला तेव्हापासून.' म्हणजे बाप्टिस्ट नव्हेच. सासऱ्यांचा शब्द प्रमाण! आईने लावलेलं वळण कुठे येऊन नडलं बघ.

ते पान सांगते. सहा मुलं, एकाखाली एक, 1779 ते 1791, आणि सगळ्यांची शाई एक, अक्षर एक. म्हणजे एके दिवशी बापाने समोर बसून तारखा सांगितल्या आणि कुणीतरी उतरवून घेतल्या. चौथा जॉन. थॉमस ग्रीनवुडचा, 'आणि त्याची बायको सेरा, हिचा बाप सटक्लिफ.' सुमे, बाईचं माहेर! चर्चच्या वहीत बिचारीचं नुसतं नावसुद्धा दर वेळी नसतं. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजीचं माहेरचं नाव नाही, आणि इथे विणकराच्या बायकोचा बाप लिहून ठेवलाय. वाडीही जुळली. 1813नंतर जॉनच्या पोरांपुढे तीच वाडी आहे.

एवढंच असतं तर गुपचूप नवा कागद छापला असता. पण त्या चॅपलचं सभासदांचंही पुस्तक आहे, आणि त्यात आमच्या थॉमसला मंडळीतून काढून टाकल्याची नोंद आहे. दोनदा समज देऊन. कारण, दारू. आणि डॅड कोण, तर माझ्या हातात वाइनचा ग्लास दिसला की खिडकीबाहेरचं हवामान बघायला लागणारे!

सांगू की नको? त्यांचं हल्ली विसरणं वाढलंय. सकाळी गोळी घेतली का ते आठवत नाही, पण ती वंशावळ तोंडपाठ. मदतीला येणाऱ्या बाईला रोज ऐकवतात, जॉन, जेम्सचा, जेम्स, अब्राहमचा. परवा माझा हात धरून म्हणाले, तू आमची माणसं परत आणलीस. मी भांडी घासायला पळाले. पीटर म्हणतो राहू दे, कुणाचं काय बिघडतंय? अगदी हेच मी तुला एसटीत म्हणाले होते, आठवतं? गुरुजींनी दाखवलेलं आबांचं मोडी अक्षर, त्याखाली ते तिसरं नाव, आणि मी म्हटलं बाबांपुढे काढू नकोस. तू चपला काढायच्या आधी सांगून मोकळी. आठ महिने बोलले नाही तुझ्याशी. तू केलंस ते चूकच होतं असं माझं अजूनही मत आहे. फक्त आता ते ठणकावून सांगवत नाही.

खरं सांगू, रात्री थॉमस नाही छळत. ते बाळ छळतं. 1783 ते 1794 इथे प्रत्येक नोंदीला तीन पेन्स कर होता, गरिबांना माफ. गरिबाच्या नोंदीपुढे 'पी' लिहीत. जेम्सच्या पुढे 'पी' नाही. म्हणजे त्याने बाप्तिस्म्याला तीन पेन्स मोजले आणि पाच आठवड्यांनी पुरायला आणखी तीन. मागच्या शनिवारी एकटीच हेप्टनस्टॉलला जाऊन आले. एका आवारात दोन चर्च, जुनं 1847च्या वादळात मोडलं ते तसंच बिनछपराचं उभं. कबरींचे दगड फरशीसारखे अंथरलेत, त्यांच्यावरूनच चालावं लागतं. पण तान्ह्याला कोण दगड घालतंय? दोन वर्षं तो आमच्या दिवाणखान्यात कुणाचा तरी आजोबा म्हणून होता. कागद बदलला की तेही गेलं. हसू नकोस. बरं, हस.

ओंकारला नोकरी लागली ना? माझ्याकडून पाठ थोपट. सासूबाईंचा मोतीबिंदू झाला का? आणि गच्चीच्या गळतीवर सोसायटीने शेवटी काय केलं, ते सविस्तर लिही, मला त्यात खरंच रस आहे.

रविवारी डॅडकडे जेवायला जायचंय. त्या पानाचा प्रिंट पर्समध्ये घडी करून ठेवलाय, गेले तीन रविवार तो तिथेच आहे. शनिवारी फोन कर. आणि मत विचारतेय, परवानगी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी,
मंजू

ता. क. माझ्या पणजीचं माहेरचं नाव तुझ्या आईला आठवत असेल तर विचारून ठेव. वाड्यातलं त्यांच्याइतकं आता कुणाला माहीत असणार?