पावतीवर न लिहिलेल्या कामाबद्दल

नाशिकरोड

आदरणीय बाइंडर काकांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या महिन्यात आमच्या वाचनवर्गाची 30 पुस्तके मी आपल्याकडून बांधून नेली, तेव्हा आपण दिलेल्या पावतीवर ‘पंचिंग व शिलाई’ एवढेच लिहिले होते. त्या पावतीचे पैसे मी त्याच दिवशी दिले. परंतु पावतीवर जे लिहिलेले नव्हते त्याचे देणे माझ्याकडे शिल्लक आहे, आणि ते आपल्या दुकानाच्या उंबऱ्यावर दोन शब्दांत उरकण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

या कामाची सुरुवात एका प्रश्नापासून झाली. आमच्या वर्गात तिसरी-चौथीची मुले येतात. एरिक कार्ल या अमेरिकन लेखक-चित्रकाराचे खादाड सुरवंटाचे पुस्तक त्यांना पाठ आहे. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती असे खात खात जाणाऱ्या त्या सुरवंटाने पानांना पाडलेल्या भोकांत बोट घातल्याशिवाय एकही मूल पान उलटत नाही. एके दिवशी एका मुलीने विचारले, “बाई, हे भोक खरं कुणी पाडलं?” मी म्हणाले, कार्ल यांनी. घरी गेल्यावर मात्र हे उत्तर अपुरे आहे असे मला वाटत राहिले, आणि त्यातूनच मुलांनी कार्ल यांच्या आयुष्याची गोष्ट स्वतः लिहावी, स्वतः चिकटवावी आणि तिच्याही पानांना भोके असावीत, असे ठरले.

त्यानंतर मी तीन ठिकाणी फिरले. हजार प्रतींखाली डाय, म्हणजे भोके पाडण्याचा साचा, बनवणे परवडत नाही असे एकीकडे सांगितले, दुसरीकडे भोके नसलेले पुस्तक लगेच करून देऊ म्हणाले, तिसरीकडे नमुना पाहण्याइतकाही वेळ नव्हता. त्यांचा व्यवहार त्यांच्या जागी बरोबर असेल, पण मुलांना काय सांगावे हे मला कळत नव्हते. रविवार कारंजाजवळच्या गल्लीत आपले दुकान आहे हे मला कुणीतरी सांगितले, आणि मी आले तेव्हा आपण पंचवटीतल्या एका घराची जुनी पोथी दुरुस्त करत होता.

त्या पोथीने माझे काम सोपे केले. मी कार्ल यांच्या भोकांविषयी सांगू लागले, तेव्हा आपण काही न बोलता ती पोथी माझ्यासमोर धरली. कीड लागलेले एक गोल भोक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ रेषेत गेले होते, आणि त्यातून आपल्या दुकानातला दिवा दिसत होता. कार्ल यांना त्यांचे पुस्तक सुचले तेही अगदी असेच. पंच मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोके पाडताना ती पुस्तक खाणाऱ्या किड्याच्या भोकांसारखी दिसली आणि त्यांनी विली नावाच्या किड्याची गोष्ट रचली. त्यांच्या संपादिका अ‍ॅन बेनेड्युस यांना तो किडा काही रुचेना. त्यांनी सुरवंट सुचवला, आणि सुरवंट म्हणताच कार्ल यांच्या तोंडून फुलपाखरू आले. पुढे वेगवेगळ्या रुंदीची, भोके पाडलेली पाने अमेरिकेत परवडेल अशा खर्चात छापून मिळेनात, तेव्हा बेनेड्युस यांनीच जपानमध्ये छापणारे शोधून काढले. 1969 साली पुस्तक निघाले. आज ते 60 हून अधिक भाषांत आहे. पण ती भोके करून देणारे हात जपानमध्ये सापडले नसते तर ते कसे निघाले असते, हे मला सांगता येत नाही. आमच्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले. उरलेले अर्धे आपण दिलेत.

आपण त्या दिवशी मला बसायला सांगितले आणि कार्ल कोण, कुठले, हे सगळे विचारले. काम घेण्याआधी पुस्तकात काय आहे हे विचारणारे आपण पहिलेच. म्हणून जे सांगितले ते इथेही लिहिते.

कार्ल यांचा जन्म 25 जून 1929 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी झाला. आईवडील जर्मनीहून आलेले. तिथल्या बालवर्गात भरपूर ऊन यायचे आणि मोठमोठे कागद व रंग मिळायचे. त्या वर्गाच्या बाईंनी आईला बोलावून सांगितले की मुलाच्या हातात चित्र आहे, ते जपा. वडील त्यांना रानात फिरायला नेत, दगड उचलून किंवा झाडाची साल बाजूला करून खालचे किडे, मुंग्या, गोगलगायी दाखवत, आणि दगड पुन्हा होता तसा ठेवून देत. कार्ल यांची निम्मी पुस्तके मला त्या उचललेल्या दगडाखालचीच वाटतात.

आईला माहेरची ओढ लागली म्हणून 1935 साली, एरिक सहा वर्षांचे असताना, कुटुंब जर्मनीत श्टुटगार्टला परतले. तिथल्या शाळेत छोटे कागद, टोकदार पेन्सिली आणि छडी होती. पुढे युद्ध सुरू झाले आणि वडिलांना सैन्यात जावे लागले. त्या काळात फ्रिट्झ क्राउस या चित्रकलेच्या शिक्षकांनी या मुलाला घरी बोलावले आणि एक खोका उघडून पिकासो, मातीस, क्ले, फ्रान्झ मार्क यांच्या चित्रांच्या प्रती दाखवल्या. नाझी राजवटीने ही चित्रे ‘विकृत कला’ ठरवली होती. ती दाखवताना कुणी पाहिले असते तर त्या शिक्षकांवर काय प्रसंग ओढवला असता, याची कल्पना आपण करू शकतो. मार्क यांचे घोडे निळे होते. त्या मुलाला ते पाहून धक्का बसला, आणि तो धक्का त्याने आयुष्यभर सांभाळला; 2011 साली, वयाच्या ब्याऐंशीच्या आसपास, कार्ल यांनी निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकाराचे पुस्तक केले. एका दुपारचे देणे फेडायला एखाद्याला इतकी वर्षे लागू शकतात, हे वाचल्यापासून मला माझ्या पत्राला झालेल्या उशिराची तितकीशी भीती वाटत नाही.

याच पानांशी आपण थांबलात. आमच्या पुस्तकाची कल्पना अशी होती की पहिल्या पानावरची सिरॅक्यूजच्या वर्गाची खिडकी म्हणजे एक गोल भोक असावे, ते सगळ्या पानांतून जावे आणि शेवटच्या पानावरचा पिवळा कागद त्यातून पहिल्यापासून दिसत राहावा. युद्धाची दोन पाने मुलांनी पूर्ण काळी केली होती आणि त्यांवर भोक नको असे त्यांचे म्हणणे होते, कारण पंधराव्या वर्षी खंदक खणायला नेलेल्या मुलाला तिथून ऊन कसे दिसेल? मलाही ते पटले होते. आपण हातातला पंच खाली ठेवलात आणि म्हणालात, “भोक लहान करू. बंद नको करायला. बंद केलं तर पुढचं पान मागच्याला विसरतं.” मग आपण सगळ्यांत लहान पंच काढलात, मसुराच्या दाण्याएवढा, आणि एकेक काळे पान लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीचा एकच घाव घातलात. आता ते पुस्तक उजेडात धरले की त्या दोन पानांतूनही पिवळा ठिपका दिसतो. इतकी वर्षे मुलांना गोष्टी वाचून दाखवूनही मला हे सुचले नव्हते.

वडील सोव्हिएत कैदेतून 1947 च्या अखेरीस परत आले, ते खचलेले आणि हाडांचा सापळा झालेले होते. 1952 साली कार्ल 40 डॉलर आणि चित्रांची फाइल घेऊन न्यूयॉर्कला गेले. तिथे चित्रकार लिओ लिओनी यांच्या मदतीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये नोकरी लागली. पुढची वर्षे जाहिरातींची. त्यांनी जाहिरातीसाठी केलेला एक लाल शेवंडा लेखक बिल मार्टिन ज्युनियर यांच्या नजरेस पडला, आणि 1967 साली दोघांचे तपकिरी अस्वलाचे पुस्तक आले. मुलांसाठी चित्रे काढू लागले तेव्हा कार्ल चाळिशीला टेकले होते. नंतर त्यांनी सत्तरहून अधिक पुस्तके केली.

कागदाविषयी आपल्याला मुद्दाम लिहायचे आहे, कारण तो आपला विषय. कार्ल पातळ टिश्यू कागदावर ब्रशने, बोटांनी, सतरंजीच्या तुकड्यानेसुद्धा रंग देत, रंगांप्रमाणे ते कागद खणांत लावून ठेवत, आणि मग कापून चिकटवत. सुरुवातीला विकत घेतलेले रंगीत कागद पुढे फिके पडले, म्हणून पांढरे कागद स्वतः रंगवू लागले. आम्ही मात्र पतंगाचा कागद वापरला, येवल्याच्या संक्रांतीच्या पतंगांतून उरलेला. तो खळीने ओला होऊन फाटत होता. खळ अधिक घट्ट शिजवा, कागदाला न लावता पुठ्ठ्याला लावा, आणि वरून कोरड्या फडक्याने दाबा, हे आपण मुलांना स्वतः करून दाखवलेत. पोथ्यांच्या खळीत आपण कीड लागू नये म्हणून मोरचूद घालता. आमच्या पुस्तकांसाठी वेगळी खळ शिजवलीत, कारण मुले भोकांत बोट घालतील आणि तेच बोट तोंडात घालतील. हे मी सांगितले नव्हते. माझ्या लक्षातही आले नव्हते.

माझे वडील इथल्या डाकतिकिटे छापणाऱ्या प्रेसमध्ये होते. डाकतिकिटाच्या कडेची बारीक भोके दाखवून ते म्हणत, तिकीट सुटे होते ते या रिकाम्या जागेमुळे. लहानपणी ऐकलेले ते वाक्य आपल्या दुकानात बसल्यावर, तुमच्या हातोडीच्या आवाजात, कितीतरी वर्षांनी आठवले. त्याबद्दलही आभार.

कार्ल यांनी पत्नी बार्बरा यांच्यासह 2002 साली अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट येथे चित्रपुस्तकांच्या कलेचे संग्रहालय उभारले. जपानमधली अशी संग्रहालये पाहून त्यांना ते सुचले होते. 23 मे 2021 रोजी, 91 व्या वर्षी, ते गेले. मुलांनी हे शेवटच्या पिवळ्या पानावर लिहिले आहे.

त्याच पानावर आपले नाव छापायचे असे मुलांचे ठरले होते. आपण नको म्हणालात, आणि मी आपला शब्द मोडला नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तो मान्य केला नाही. तिने तीसच्या तीस प्रतींवर खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: “ही भोकं रविवार कारंजाजवळच्या काकांनी पाडली.”

एका प्रतीच्या काळ्या पानाचे लहान भोक मुलांच्या बोटांनी फाटून मोठे झाले आहे आणि शिलाईही सैल पडली आहे. येत्या शनिवारी ती प्रत घेऊन येते. त्यांतले एक मूलही बरोबर यायचे म्हणते, त्याला हातोडी धरून पाहायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाचनवर्गाची बाई