शुक्रवारी जेवायला येतेय

ती. आई-बाबा,
सा. न.

शुक्रवारी रात्री जेवायला येतेय. आम्ही चौघं असू, आणि शनिवारी पहाटे पाचला पुढे निघायचंय. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती, म्हणून लिहितेय. पाच आठवड्यांची बिनपगारी रजा मंजूर झाली आहे. सोलापुरातून विजापूर, बदामी, मग हंपी आणि शेवटी बेंगळुरूजवळचं रामनगर. गाडीने, कातळ चढत.

आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, पण मागच्या वर्षीच्या घोट्यापायी दोघंही रात्र रात्र जागला असता. घोटा आता पक्का आहे. आणि जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच. ऊन तापलं की बोटांना घाम येतो, पकड राहत नाही. पावसात बदामीचा लाल वालुकाश्म ओल धरतो, कच्चा होतो, धरलेला कंगोरा हातात येतो. आपल्या सह्याद्रीच्या कातळात किती दगड सुटे असतात ते बाबांनी तैलबैलाला पाहिलंय. बदामीच्या भिंतींना आडव्या खाचा आहेत, बोटांची पेरं नेमकी बसतात. चढायचे मार्ग ठरलेले, दोरी अडकवायला कातळात बोल्ट मारलेले. हंपीत तर दोरीही नाही, घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे आणि खाली जाड गादी. देवळांच्या, लेण्यांच्या राखीव हद्दीत आम्ही चढत नाही. नवीन जागा दिसली तर आधी गावात विचारायचं, आग्या मोहोळ दिसलं तर मागे फिरायचं.

आई, दोरीचं तू मागेच विचारलं होतंस. साठ मीटरची दोरी आम्ही रोज संध्याकाळी बोटांतून ओढून बघतो, वीतभरसुद्धा न सोडता. कुठे मऊ लागली की तिथून कापायची. हेल्मेट उतरवत नाही. झोपायला खोल्या घेतल्यात, रोज गरम पाणी आहे, रात्री कुणीही गाडी चालवणार नाही. तात्यांच्या वेळेसारखं खबर न कळता वाट बघावी लागणार नाही, मी रोज रात्री आठला फोन करेन. नऊ वाजले तरी आला नाही, तर रेंज नाही एवढंच समजायचं.

वाड्यातल्या चिंचेवर चढले की तू ओरडायची नाहीस, आठवतं? खाली पदर पसरून उभी राहायचीस, चिंचा झेलायच्या असल्यासारखी. कातळावर खाली बघायची वेळ आली की मला तुझा तो निळा पदर दिसतो.

आता दोघांनी ऐकायचं. बाबा, उपाशीपोटीची साखर दर सोमवारी तपासून वहीत लिहा, मी येऊन वही बघणार आहे. मॉर्निंग वॉकला काठी न्या. आईने स्टुलावर चढून माळ्यावरचं काहीही काढायचं नाही, दादा रविवारी येतो तेव्हा त्याला सांगायचं. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. रागावून नाही गं लिहीत. तुमच्याकडून निघताना माझाच पाय जड होईल.

बदामीपासून बनशंकरी पाचेक किलोमीटर. पहिल्याच दिवशी तुझ्या नावाने ओटी भरेन. पौषातल्या यात्रेच्या गर्दीत तुम्हाला नेणं होत नाही, पण फेब्रुवारीत मी गाडीने नेणार आहे, सावकाश, दोन मुक्काम करत.

आई, कडक भाकरी जरा जास्त करून ठेव, आणि शेंगाचटणी. पाच आठवडे टिकतात आणि कातळाखाली बसून खायला दुसरं काही इतकं चांगलं लागत नाही. स्वयंपाक मात्र साधाच कर, वरण-भात पुरे.

तुमची,
छकुली