पत्र्याच्या छपराचा ‘फुटाचा दर’ : पण फूट कोणता?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की कोकणात कौले उतरवून पत्रे चढवण्याची घाई सुरू होते. माकडे कौले टिकू देत नाहीत आणि दरवर्षीच्या शाकारणीला माणूस मिळत नाही, त्यामुळे हा बदल होणारच. पण खर्चाचे सगळे बोलणे ‘फुटाला किती?’ या एका प्रश्नात उरकले जाते, आणि पुढच्या भांडणाचे मूळ तिथेच असते.

३० बाय २० फुटांचे घर घ्या. जमिनीवर ६०० चौरस फूट. चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण सोडली की ३४ बाय २४. आढे वळचणीपासून पाच फूट उंच ठेवले, तर बारा फुटांच्या अर्ध्या रुंदीवर पाखे (छपराची एक उतरती बाजू) तेरा फूट लांब येते. दोन्ही पाखी मिळून ८८४ चौरस फूट. आता पत्रा असतो साधारण साडेतीन फूट रुंद, पण शेजारच्यावर चढल्यावर झाकतो ३.२८ फूट. एका पाख्याला अकरा पत्रे, दोन्हींना २२, म्हणजे बिलावर १,००१ चौरस फूट. समजा, दर २०० रुपये ठरला. घराच्या फुटाने १,२०,००० रुपये, छपराच्या फुटाने १,७६,८०० आणि पत्र्याच्या फुटाने २,००,२००. यात खोटे कोणीच बोललेले नाही! दर ठरतानाच फूट कोणता, आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे लिहून घ्यावे. जाता जाता : याच घरात लांबीच्या दोन्ही टोकांची वळचण सहा-सहा इंचांनी आखडली, तर दहा-दहा पत्र्यांत काम भागते. दोन पत्रे वाचतात आणि वाऱ्याला धरायला कडाही कमी मिळते.

दुसरा घोळ जाडीचा. ‘पॉइंट फाइव्ह’चा पत्रा म्हणजे बहुतेक वेळा रंग आणि लेप धरून अर्धा मिलिमीटर. आतल्या नुसत्या पोलादाची जाडी, म्हणजे बीएमटी, ०.४५ असू शकते, त्याहून कमीही. दुकानदाराला बीएमटी किती आणि लेप कोणता, हे दोन्ही विचारा. अलू-झिंक (अॅल्युमिनियम आणि जस्त) लेपाचा ‘एझेड १५०’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. ‘एझेड ७०’ त्याच रंगात, त्याच चकाकीत मिळतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. पोलादाची जाडी मात्र वजनकाट्याला कळते. १२२० मिलिमीटर रुंदीच्या कॉइलमधून (उंचवटे पाडण्याआधीच्या सपाट गुंडाळीतून) आलेला, ०.४५ बीएमटीचा, तेरा फुटी पत्रा सुमारे १८ किलो भरतो. १६ भरला तर पोलाद ०.४० च्या आसपास आहे. सांगाड्याचेही तसेच. ४० बाय ४० मिलिमीटरचा वीस फुटी चौकोनी पाइप २ मिलिमीटर जाडीचा असेल तर सुमारे १४ किलो, १.६ चा साडेअकरा. वरील घराला एका पाख्यात पाच ओळी धरल्या तर पर्लिनचेच (पत्र्याखालच्या आडव्या ओळींचे) असे १७ पाइप लागतात, कैच्या (त्यांना पेलणारे त्रिकोणी सांगाडे) वेगळ्या. म्हणून लोखंडाचा दर फुटावर न ठरवता किलोवर ठरवावा आणि काट्याची पावती घ्यावी.

आता वाऱ्याचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि पुढच्याच मे महिन्यातल्या तौक्तेत पत्रे कागदासारखे उडाले. त्याचे कारण कौलांच्या वजनात शोधावे लागते. वरच्या घराला सुमारे १,३०० मंगलोरी कौले लागतात, म्हणजे जवळपास तीन टन. एवढे ओझे छपराला सतत खाली दाबून धरायचे. २२ पत्र्यांचे वजन जेमतेम ४०० किलो. छप्पर हलके झाले, याचा आनंद फक्त वाशांनी मानावा. वारा ते उचलायलाच बघतो. म्हणून कैचीचा पाया जांभ्याच्या भिंतीवर नुसता टेकवून सिमेंट थापणे हा शुद्ध धोका आहे. भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीट पट्टा हवा आणि त्यात बेस प्लेटचे (कैचीच्या पायाखालच्या लोखंडी पट्टीचे) अँकर बोल्ट हवेत. कोटेशनमधून सर्वांत आधी हाच खर्च गळतो.

त्यानंतर गळतात स्क्रू. वळचण आणि आढे या दोन ओळींवर पत्र्याच्या पाचही उंचवट्यांना एकेक, मधल्या तीन ओळींवर तीन-तीन, असे एका पत्र्याला १९. २२ पत्र्यांना ४१८, कोना (आढ्यावरचे झाकण) आणि फ्लॅशिंग (जोड झाकणारी पत्र्याची पट्टी) धरून पाचशे. कंजूष कारागीर दोन-दोन मारून २२० मध्ये उरकतो. किनाऱ्यावर साध्या जस्ताच्या मुलाम्याचे स्क्रू लवकर गंजतात. ‘क्लास ४’ या गंजरोधक लेपाचे घ्यावेत, खाली ईपीडीएम रबराचा वॉशर. स्टेनलेसचे घातले की निश्चिंत, हा समज चुकीचा आहे : खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेस टिकते आणि त्याच्याभोवतीचा अलू-झिंक पत्रा झिजतो. स्क्रू उंचवट्यावरच मारावा. फार आवळला की वॉशर चिरडतो आणि पाणी तिथूनच शिरते. जुन्या लाकडी वाशांवर पत्रे टाकणार असाल तर लाकडाचे वेगळे स्क्रू लागतात. लोखंडाचे लाकडात धरत नाहीत.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी लेप जळतो आणि उडालेला कीस दोन दिवसांत गंजून पत्र्यावर डाग पाडतो. कातरीने कापावे, संध्याकाळी छप्पर झाडून काढावे. भिंतीशी जोड येतो तिथे गवंडी हमखास सिमेंट भरतो. ओले सिमेंट हा लेप खाते, म्हणून तिथे फ्लॅशिंगच हवे. पत्र्यांची लावणी वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरू करावी, म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस जोडात घुसत नाही. पन्हळ मोठी घ्या : तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर या छपरावरून तासाला सुमारे ७,६०० लिटर पाणी उतरते.

समुद्राजवळ पत्रा आधी सडतो तो वळचणीच्या आणि पडवीच्या खालच्या अंगाने, कारण तिथले मीठ पावसाने धुतले जात नाही. ऑक्टोबर ते मे अधूनमधून गोड्या पाण्याचा फवारा मारावा. वॉरंटीच्या कागदावर समुद्रापासूनचे अंतर काय धरले आहे, तेही पैसे देण्याआधी वाचावे. डोक्यावर माड असेल तर पातळ पत्रा घेऊच नये. नारळ पडून झालेल्या खळग्यात पाणी साचते आणि गंज तिथून सुरू होतो.

आमची सूचना एवढीच की ग्रामपंचायतींनी कोटेशनचा एक नमुना फलकावर लावावा : छपराचे मोजमाप, पत्र्याची बीएमटी आणि लेप, लोखंडाचे किलो, स्क्रूंची संख्या आणि प्रकार, अँकर, पन्हळ, फ्लॅशिंग, जुनी कौले उतरवण्याची मजुरी, कर. इतके विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कटकट्या म्हणणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत.

– छप्परकाम करणारे काही फॅब्रिकेटर, दापोली

ता. क. : गोठ्यावर अलू-झिंक पत्रा घालू नये. शेण-मुताच्या अमोनियाने तो खालून खाल्ला जातो. तिथे उतरवलेली कौलेच बरी.