विषय : व्हॅक्यूम इनगॉट मशीनमधून निघणाऱ्या खड्डेदार विटा आणि तुमचा ‘बफ मारून घ्या’ हा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या सेवा केंद्राला शेवटचा फोन केला. यापुढे फोन नाही, जे काय असेल ते कागदावर. हवा काढून टाकून साच्यातच सोनं-चांदी वितळवून विटा पाडणारं हे मशीन कसं चालतं हे तुम्हाला सांगत बसत नाही, ते तुम्हीच बनवलं आहे. वॉरंटी चालू आहे, बिलाची प्रत जोडली आहे. बसवायला तुमचाच माणूस आला होता. त्याने समोर आरशासारख्या विटा काढल्या, फोटो घेतले, माझी सही घेतली आणि संध्याकाळची गाडी पकडली. तशी वीट त्यानंतर या मशीनने दिली नाही.

आता निघते ती अशी. किलोची चांदीची वीट, वरच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे, कडेला काळपट राख, मधोमध बोट बसेल एवढा खळगा. वजन बरोबर, टंच म्हणजे शुद्धता बरोबर, तोंड मात्र दाखवण्यासारखं नाही. वजनाचा आणि ९९९ चा शिक्का मारायला गेलं तर अर्धे आकडे खड्ड्यात जातात. सोन्याची वीट बरी निघते, वरून चकचकीत. पण तिचंही पोट खपाटीला गेलेलं.

सोनं बरं आणि चांदी खराब, एवढं ऐकूनच तुमच्या इंजिनिअरच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या सुमारे २० पट ऑक्सिजन पोटात घेते आणि ९६२ अंशांखाली गोठताना तो बाहेर टाकते. वरची साय धरलेली असली की ती फोडून टाकते. त्याचेच हे खड्डे. सोनं असा ऑक्सिजन घेत नाही, म्हणून त्याला खड्डे नाहीत. आमच्याकडचे गलाईवाले (सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारे) मामा मूळचे विट्याकडचे. शाळा फारशी झालेली नाही, पण उघड्या मुशीत चांदी आटवताना वर कोळशाची भुकटी पसरायला ते कधी चुकत नाहीत. हवा लागू द्यायची नाही, एवढं त्यांना ठाऊक आहे. तुमचं मशीन तर हवाच काढून टाकणार होतं! माहितीपत्रकात तसं छापलं आहे, जाड अक्षरात.

मग हवा येते कुठून? पंपाने हवा ओढून झाली, व्हॉल्व्ह मिटला, की व्हॅक्यूमचा काटा जागचा हलता कामा नये. आमचा काटा डोळ्यांदेखत मागे सरकतो. त्याचा व्हिडिओ तुमच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, त्याखाली निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. ग्राफाइटचे साचे बघा. हवा शिरली की तापलेलं ग्राफाइट जळतं. आमच्या साच्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या आहेत आणि झाकण हातात घेतलं तरी हलकं लागतं. हे साचेही तुमच्याकडूनच घ्यायचे, नाहीतर वॉरंटी जाते, असा तुमचा नियम. म्हणजे दार हवाबंद ठेवणारं गॅस्केट गळतं तुमचं, साचे जळतात आमचे आणि नव्या साच्यांचं बिल पुन्हा तुमचंच. धंदा चांगला आहे, मानलं.

खळग्याचंही सांगून टाकतो. सोन्याची घनता १९.३, वितळल्यावर १७.३ च्या आसपास. गोठताना ते आकसणारच. म्हणून खालून वर हळूहळू गार करायचं, वरचा भाग शेवटी गोठू द्यायचा. मशीनच्या प्रोग्रॅममध्ये गार होण्याचा वेळ कुलूपबंद आहे, पासवर्ड तुमच्याकडे. तो मागितला तर ‘सर, तो कस्टमरला देत नाही’. ठीक आहे, मग तुम्ही येऊन बदला. तर ‘सर, व्हिजिट शेड्यूल होईल’. ती अजून होतेच आहे.

आता आजचा फोन. हा मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तुमचे फोन ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होतात म्हणे. काढून ऐका.

आधी होल्डवरची बासरी. मग सेवा केंद्राचे साहेब आले. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. साहेब म्हणाले, “सर, मशीन एकदा बंद करून चालू करा.” म्हटलं, केलं. म्हणाले, “तुमच्याकडे टेम्परेचर जास्त आहे ना, जळगाव साइडला?” म्हटलं, आहे, मे महिन्यात पंचेचाळीस होतं, हे तुम्हाला मशीन विकतानाही माहीत होतं, आणि मशीन गार ठेवणारा चिलर तुम्हीच मोजून दिलाय. आत हजार अंशांच्या वर तापणाऱ्या मशीनला बाहेरचे पंचेचाळीस सोसत नसतील, तर ते महाबळेश्वरला विका. (हे मी बोलायला नको होतं असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही.) मग व्होल्टेज. स्टॅबिलायझर तुमच्या सांगण्यावरूनच घेतला. मग पुन्हा बासरी.

परत आल्यावर साहेबांनी विचारलं, “सर, चांदी कुठून घेता तुम्ही? लोकल माल असेल तर असं होतं.”

मी विचारलं, लोकल म्हणजे काय?

“म्हणजे सर, मिक्स वगैरे असेल. प्युअर असती तर असे खड्डे आले नसते.”

हे वाक्य जळगावच्या सराफाला ऐकवलंत तुम्ही. या गावाला सुवर्णनगरी म्हणतात ते कुणाच्या जाहिरातीमुळे नाही. बऱ्हाणपूरपासून नंदुरबारपर्यंतचा माणूस वाटेतली दुकानं सोडून इथे येतो, तो शुद्धतेच्या भरवशावर. मी त्यांना तपासणी केंद्राचा रिपोर्ट वाचून दाखवला. तर म्हणाले, “सर, रिपोर्ट तर सगळेच दाखवतात.” मी सांगितलं की त्याच पोत्यातली दाणेदार चांदी मामांनी साध्या लोखंडी रेजात, म्हणजे उघड्या साच्यात, ओतली, वर ज्योत धरली आणि वीट तुमच्या मशीनपेक्षा स्वच्छ निघाली. चांदीत खोट असती तर तिथेही दिसली असती. साहेब क्षणभर गप्प. मला वाटलं, पटलं.

“मग सर, बफ मारून घ्या ना. तसंही पार्टी ती वीट आटवणारच आहे. दिसायला कशाला पाहिजे?”

यावर काय बोलावं? वजन करून घातलेल्या चांदीच्या विटेवर बफ मारायचा म्हणजे तेवढी चांदी बफाच्या धुळीत घालवायची आणि किलोला किलो भरत नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. बफ मारायचा नाही, घासायचं नाही, साच्यातून काढा आणि शिक्का मारा, याच बोलीवर तुम्ही हे मशीन विकलंत. दिसायलाच नको होतं, तर मामा आणि त्यांचा रेजा काय वाईट होता? लाखो रुपये आम्ही दिसण्याचेच मोजले आहेत.

आणि कशाला पाहिजे ते सांगतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी अमळनेरकडचा एक शेतकरी आला. घरात राखलेला कापूस भाव आल्यावर विकलेला, मुलीच्या नावाने किलोची वीट घ्यायची होती. त्याने वीट उलटी केली, खड्ड्यात नख घातलं, नखाला लागलेली काजळी मला दाखवली आणि विचारलं, “शेट, हाई काय शे?” मी त्याला ऑक्सिजन समजावू का? तो शेजारच्या दुकानात गेला. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. गावात त्याने काय सांगितलं असेल ते तुमच्या बासरीवाल्या साहेबांना विचारा.

आमच्याकडे तुमच्याच कंपनीची जुनी भट्टी आहे, वडिलांनी घेतलेली. कॉइल एकदा बदलली, बाकी अजून चालते. नाव बघून डोळे मिटून नवीन मशीन घेतलं. ते नाव आता तुम्ही फक्त पाटीवर ठेवलेलं दिसतं.

काय करायचं ते लिहितो. दाराचं गॅस्केट आणि व्हॅक्यूमची पूर्ण लाइन तुमच्या खर्चाने बदला, गार होण्याचा वेळ येऊन दुरुस्त करा, जळलेले साचे फुकट बदलून द्या. नंतर माझ्या चांदीच्या, माझ्या डोळ्यांसमोर विटा काढा, आणि या वेळी सही मी करायची की नाही ते विटा बघून ठरवीन. जमत नसेल तर मशीन उचला, पैसे परत करा.

तुमच्या विक्री प्रतिनिधीने मागे ऐकवलं होतं की हे व्यापारी मशीन, ग्राहक आयोग तुमचं ऐकणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा अपवाद आहे, तो त्यांना वाचायला द्या. दुकान मी आणि माझा भाऊ चालवतो. आयोगाने नाही ऐकलं तर दिवाणी न्यायालय आहे, आणि त्याआधी सराफ बाजार आहे. इथे तुमच्याच मशीनची चौकशी करणारे आणखी काहीजण माझ्या दुकानात येऊन वीट बघून गेले आहेत. मी त्यांना काही बोललो नाही, वीट नुसती हातात दिली.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं.

आपला,
एक सराफ, जळगाव

ता. क. : काट्याचा व्हिडिओ सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये पुन्हा दिला आहे. आणि चांदी शुद्ध आहे, हेही पुन्हा लिहितो. तपासणीचा रिपोर्ट जोडला आहे. शंका असेल तर इंजिनिअरने येताना स्वतःची चांदी घेऊन यावी.