आबांचं पान, सॅन अँटोनिओत

सॅन अँटोनिओ, टेक्सस
३ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप येऊन महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही, राग मानू नकोस. आबा गेल्यापासून लिहायला बसलो की दोन ओळींच्या पुढं सरकत नव्हतो. काल रात्रीचं मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी एक मेक्सिकन बाई बसतात, मूळच्या पुएब्लाच्या. मी सात-आठ महिने कुठं जात-येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. काल २ नोव्हेंबर, त्यांच्याकडचा मृतांचा दिवस. त्या, त्यांचे यजमान, आपला नागपूरवाला आणि त्याची बायको, असे चौघं दारात येऊन उभे राहिले आणि मला घेऊनच गेले.

मृतांचा दिवस म्हटल्यावर मला वाटलं, सगळं सुतकी वातावरण असेल. आत पाऊल टाकलं तर जत्रा! नदीकाठचं हॉटेल, डोक्यावर कातरकाम केलेल्या रंगीत कागदांच्या माळा, पोरं टेबलांमधून पळतायत, आज्या नटूनथटून आल्यायत. आणि जिकडं बघावं तिकडं झेंडू. आपलाच, दसऱ्याचा. मी बाईंना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, हा मूळचा आमच्याकडचा. त्यांच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतल्या नावाचा अर्थ ‘वीस फूल’, म्हणजे भरपूर पाकळ्यांचं. खरंच आहे ते, झेंडू मेक्सिकोतूनच जगभर गेला. चिकूही तिकडचाच, आणि त्याचं नावसुद्धा त्याच भाषेतून आलेलं.

दाराशीच एक बाई मोठ्या तव्यावर मक्याच्या तोर्तिया भाजत होत्या. मी तिथंच खिळलो. पिठाचा गोळा दाबायचा, तव्यावर टाकायचा, बोटांनीच उलटायचा. तिसऱ्यांदा उलटला की टम्म फुगतो आणि पापुद्रा सुटतो, अगदी भाकरीसारखा. पीठ मात्र आपल्यासारखं कोरडं दळलेलं नसतं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी सालं धुऊन काढतात आणि ओलाच वाटतात. आपल्याकडं कोहळ्याच्या पेठ्याला चुन्याची निवळी लागते ना, तोच चुना. हजारो वर्षांची रीत आहे ही. चुन्यामुळं मक्यातलं ब-३ जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपातल्या लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला, माणसं मेली. त्या बाईंच्या बोटांकडं बघताना मला हे आठवत होतं आणि तरी बघतच राहावंसं वाटत होतं.

टेबलावर काळ्या दगडाचा तीन पायांचा खल आला. वेटरनं समोरच ॲव्होकॅडो, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ असं सगळं ठेचून दिलं. नागपूरवाल्याची बायको शाकाहारी. तिच्यासाठी विचारून घ्यावं लागतं, कारण बऱ्याच ठिकाणी बीन्स डुकराच्या चरबीत परततात आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तिच्यासाठी चीज भरलेली पोब्लानो मिरची आली. मी मोले घेतलं. चार प्रकारच्या वाळक्या मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग, थोडं चॉकलेट, सगळं भाजून, वाटून, तासन्‌तास शिजवलेलं. रंग थेट आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा. चव पहिल्या घासाला कळत नाही, तिसऱ्याला कळते. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत त्याच्यावर फार छान लागतं.

तेवढ्यात मारियाची, म्हणजे तिकडचे गाणारे-वाजवणारे, आले. व्हायोलिन, ट्रम्पेट, पोट सुटलेली मोठी गिटार. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्यानं बायकोच्या आवडीचं गाणं मागितलं. ती या वर्षी गेली होती. ट्रम्पेट वाजायला लागला, अख्खं टेबल गायला लागलं, म्हातारा रडत होता आणि गातही होता. कुणी त्याला ‘रडू नका’ म्हटलं नाही. बंड्या, मी आबांसाठी तेव्हा पहिल्यांदा रडलो. तुला माहीत आहे, माझं विमान पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. खांदा तू दिलास.

जेवण झाल्यावर बाई मला आतल्या लाउंजमध्ये घेऊन गेल्या. तिथं संगीत, गप्पा, मेस्काल नावाच्या दारूचे पेले, आणि कोपऱ्यात पायऱ्या-पायऱ्यांची मांडणी. झेंडू, मेणबत्त्या, ऊद, मीठ, गोड पाव आणि कितीतरी अनोळखी माणसांचे फोटो. प्रत्येकापुढं त्याच्या आवडीचं काहीतरी. बाई म्हणाल्या, वाट चालून दमलेले असतात, म्हणून पाणी आधी. कुणीही आपल्या माणसाचं ठेवू शकतं, तूही ठेव.

माझ्या पाकिटात आबांचा एसटीच्या खाकी गणवेशातला फोटो असतो, तो मी लावला. मग टेबलाकडं परत आलो, एक गरम तोर्तिया घेतली, तिच्यावर भाजल्या टोमॅटोची आणि मिरचीची चटणी घातली. आबांना दुसरं काय लागायचं? कराड-सातारा फेरी करून आले की ठेचा-भाकरीच मागायचे. ताटली ठेवली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला, काठोकाठ. एका लहान मुलीनं माझ्या हातात झेंडूच्या पाकळ्या दिल्या, त्या मी फोटोपुढं पसरल्या. बराच वेळ उभा होतो. मागं लोक नाचत होते आणि ते मला जराही खटकलं नाही.

वर्षश्राद्धाला मी येतोय, तिकीट काढलंय. पाटा धुऊन ठेव, इथल्या वाळक्या मिरच्या आणतो, आपण वाटू.

आणि एक काम कर. आई फोनवर सारखी विचारते, पितृपंधरवड्यात तिकडं काही केलंस का रे. मी दरवेळी विषय बदलला, कारण काहीच केलं नव्हतं. मला तिला हे सगळं फोनवर सांगता यायचं नाही. तू घरी जाशील तेव्हा तिला एवढं सांग, की आबांचं पान वाढलं, आणि पाणी ठेवलं.

तुझा,
बाळ्या